आमिश समाजाचा क्षमाधर्म

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात लँकेस्टर नावाचा एक सुपीक परगणा आहे. तेथील निकल माइन्स या खेड्यातील एका खोलीच्या शाळेत २ ऑक्टोबर २००६ रोजी सकाळी एक बंदूकधारी इसम शिरला. मुलग्यांना त्याने बाहेर घालविले, दहा मुलींवर गोळ्या झाडल्या आणि अखेर स्वतःचाही अंत करून घेतला. मुलींची वये सहा ते तेरा वर्षांची. त्यांपैकी पाच दगावल्या. मारेकरी आमिश नव्हता, पण परकाही नव्हता. याच शेतकऱ्यांच्या गोठ्यांतील दूध गाडीतून वाहून नेणारा तो शेजारी होता.

त्याच दिवशी सायंकाळी काही आमिश मंडळी त्याच्या पत्नीच्या भेटीस गेली. तुमच्याविषयी आमच्या मनात रोष नाही, एवढेच त्यांना सांगावयाचे होते. शनिवारी त्याचे दफन झाले तेव्हा जमलेल्यांत सुमारे निम्मे लोक आमिश होते, आणि दोनच दिवसांमागे आपल्या लेकींना मूठमाती दिलेले आईबापही त्यांत होते. पुढे जगभरातून देणग्यांचा ओघ आला, त्यातील काही वाटा त्यांनी मारेकऱ्याच्या कुटुंबास दिला.

ही देवमाणसे आहेत, असे म्हणून आपण मोकळे होतो. मला हा निर्वाळा फार सोयीचा वाटतो. देवमाणूस म्हटले की त्याचे अनुकरण करण्याची जबाबदारी टळते. आमिश लोक शेती-सुतारकी करणारे, तुमच्या-आमच्यासारखेच रागावणारे गृहस्थ आहेत. १६९३ मध्ये स्वित्झर्लंड व आल्सास भागातील एका पंथात फूट पडली. याकोब अम्मान याच्या अनुयायांना पुढे हे नाव मिळाले. अठराव्या शतकापासून ते अमेरिकेत वसू लागले. आज त्यांची संख्या चार लाखांच्या घरात आहे.

त्यांच्या क्षमेचे मूळ शोधावयाचे तर त्या भीषण सकाळीकडे न पाहता त्यांच्या वर्षाच्या परिपाठाकडे पाहावे. प्रभुभोजनाचा विधी तेथे वर्षातून दोनदा होतो. त्यापूर्वी मंडळीची सभा भरते आणि प्रत्येकाला आपले भांडण मिटवावे लागते. बांधावरून तंटा असो, उसनवारी असो, बोलाचाली असो. मने जुळली नाहीत तर विधीच पुढे ढकलतात. विधीच्या वेळी ते एकमेकांचे पाय धुतात. जो दुसऱ्यास क्षमा करीत नाही त्याला ईश्वरही क्षमा करणार नाही, हे ख्रिस्ताचे वचन ते अक्षरशः घेतात. शिवाय घरोघरी ‘हुतात्म्यांचा आरसा’ हा १६६० सालचा ग्रंथ असतो. त्यातील डिर्क विलेम्सची हकीकत मुलांनाही ठाऊक असते. १५६९ मध्ये हॉलंडमध्ये तो तुरुंगातून निसटून गोठलेल्या पाण्यावरून पळाला. पाठलाग करणारा बर्फ फुटून बुडू लागला, तेव्हा डिर्कने मागे फिरून त्याला वाचविले. परिणामी तो पकडला गेला व त्याला जाळण्यात आले. ज्या समाजात ही गोष्ट पाळण्यापासून ऐकली जाते, त्याला ऑक्टोबरच्या त्या संध्याकाळी नव्याने विचार करावा लागला नसावा.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. आपल्या राज्यघटनेच्या ७२ व्या कलमान्वये राष्ट्रपती शिक्षा माफ करू शकतात. सरकारी दप्तराला परिचित असलेली ही माफी निराळी. आमिश माणूस सूड सोडतो. दंड देणे हे राज्यसत्तेचे काम आहे असे तो मानतो व त्यात आडवा येत नाही. क्षमा म्हणजे विस्मरणही नव्हे. गोळीबारानंतर दहाच दिवसांनी ती शाळा पाडून तेथे कुरण करण्यात आले. पुढच्या एप्रिलमध्ये जवळच नवी शाळा उघडली. काही आईबापांनी मानसोपचारतज्ज्ञांचे साह्य घेतले. क्षमेचा शब्द पहिल्याच दिवशी दिला गेला. मनाला तिथवर पोहोचावयास वर्षे लागली.

या चित्राला दुसरीही बाजू आहे. बाप्तिस्मा घेऊन पंथ सोडणाऱ्यावर हाच समाज बहिष्कार घालतो, त्याच्यासोबत एका पंक्तीस जेवत नाही. पश्चात्ताप करून तो परतला तर मात्र त्याला पोटाशी धरतात, आणि झालेली गोष्ट पुन्हा उकरून काढावयाची नाही असा दंडक आहे. शेतावरच्या तंट्यात हा दंडक हितकर ठरतो. घरातल्याच माणसाने मुलीवर अत्याचार केला असेल तेव्हा तोच दंडक तिचे तोंड बंद करतो. अशी काही प्रकरणे अमेरिकेच्या न्यायालयांपुढे आली आहेत, आणि तेथे मंडळीसमोर दिलेला कबुलीजबाब पुरेसा मानला गेलेला नाही.