२०२ पदके आणि एक कांस्य

जून २०२३ मध्ये बर्लिनला झालेल्या, बौद्धिक दिव्यांगांच्या स्पेशल ऑलिम्पिक जागतिक स्पर्धेतून भारताचे १९८ खेळाडू २०२ पदके घेऊन परतले: ७६ सुवर्ण, ७५ रौप्य, ५१ कांस्य. पुढच्याच वर्षी पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये भारताला २९ पदके मिळाली. त्यांत बौद्धिक दिव्यांग खेळाडूचे पदक एकच, तेलंगणाच्या दीप्ती जीवनजीचे ४०० मीटरमधले कांस्य. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त मोजमाप वेगळे आहे.

स्पेशल ऑलिम्पिकमध्ये आधी प्राथमिक फेरी होते आणि वय, लिंग व कामगिरी पाहून साधारण ३ ते ८ जणांचे गट पडतात. गटातल्या पहिल्या आणि शेवटच्या खेळाडूत शक्यतो १५ टक्क्यांहून जास्त फरक नसावा, असा दंडक आहे. म्हणजे १०० मीटरला २० सेकंद घेणाऱ्याच्या गटात २३ सेकंदवाला बसतो, ३० सेकंदवाल्याला दुसरा गट. प्रत्येक गटाला स्वतंत्र सुवर्ण. सोपा गट मिळावा म्हणून कोणी प्राथमिक फेरीत मुद्दाम रेंगाळला आणि अंतिम फेरीत १५ टक्क्यांहून अधिक सुधारला, तर तो बादही होऊ शकतो. त्यामुळे २०१९ मध्ये अबू धाबीत मिळालेल्या ३६८ पदकांवरून बर्लिनमध्ये २०२ वर ‘घसरण’ झाली म्हणणे व्यर्थ आहे. पथक केवढे होते आणि गट किती पडले, हे आधी विचारायला हवे.

पॅरिसमध्ये दीप्तीची वेळ होती ५५.८२ सेकंद, सुवर्णविजेतीची ५५.१६. फरक १.२ टक्के. बर्लिनच्या हिशेबाने ६३ सेकंदवालीही याच गटात आली असती. पॅरिसमध्ये बौद्धिक दिव्यांग धावपटूंच्या टी-२० वर्गात ती अंतिम फेरीच्या आसपासही फिरकली नसती.

या वर्गाचे दार अरुंद होण्यामागे एक फसवणूकही आहे. २००० साली सिडनी पॅरालिम्पिकमध्ये बास्केटबॉलचे सुवर्ण जिंकणाऱ्या स्पेनच्या १२ खेळाडूंपैकी १० जणांना बौद्धिक दिव्यांगत्व नव्हतेच. त्यांच्यातल्याच एका पत्रकाराने बिंग फोडले. शिक्षा मात्र साऱ्यांना झाली: अथेन्स आणि बीजिंगमध्ये या खेळाडूंसाठी एकही अधिकृत पदक नव्हते. २०१२ मध्ये लंडनला ते परतले ते अॅथलेटिक्स, जलतरण आणि टेबल टेनिस या तीनच खेळांत. आता बुद्ध्यांक ७५ किंवा त्याखाली असल्याचा दाखला पुरत नाही. त्या दिव्यांगत्वाचा प्रत्यक्ष खेळावर परिणाम होतो का, तेही तपासतात. पॅरिसमध्येही २२ पैकी खेळ तेच तीन, आणि ५४९ सुवर्णांपैकी बौद्धिक दिव्यांगांच्या वाट्याची २१.

गट पाडून वाटलेली पदके स्वस्त, असे म्हणणाऱ्यांनी पॅरिसचीच पुरुषांची १०० मीटर पाहावी. दृष्टी, हात, पाय, व्हीलचेअर अशा वर्गवारीने तिथे डझनाहून जास्त सुवर्णपदके दिली गेली आणि ते योग्यच होते. बौद्धिक दिव्यांगांसाठी मात्र ती शर्यतच नव्हती. ज्या शर्यती होत्या, त्यांतही ढिले स्नायू आणि अनेकदा जन्मजात हृदयदोष घेऊन धावणाऱ्या डाउन सिंड्रोमच्या धावपटूला वेगळा वर्ग नाही. त्याने ५० सेकंदांच्या आत ४०० मीटर पळणाऱ्यांशीच लढायचे.