लेनर्ड चेशायर : बॉम्बर पायलट आणि त्यानंतर

लेनर्ड चेशायर यांची गोष्ट सहसा एका दमात सांगितली जाते. शंभरावर मोहिमा केलेला ब्रिटिश बॉम्बर पायलट, त्याने नागासाकीचा अणुस्फोट पाहिला, त्याला पश्चात्ताप झाला आणि उरलेलं आयुष्य त्याने अपंगांच्या सेवेत घालवलं. गोष्ट ऐकायला छान आहे, पण ती त्यांच्यावर अन्याय करते. अणुबॉम्बमुळे युद्ध थांबलं आणि पुढची मोठी प्राणहानी टळली, हे मत त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही.

जन्म १९१७चा. वडील ऑक्सफर्डचे नाणावलेले कायदेपंडित. मुलगाही तिथेच कायदा शिकला, पण जीव रमला तो विद्यापीठाच्या हवाई पथकात. जून १९४०मध्ये तो ब्रिटिश हवाई दलाच्या १०२ स्क्वाड्रनमध्ये दाखल झाला. त्याच नोव्हेंबरात कोलोनजवळ विमानवेधी तोफांच्या माऱ्याने त्याच्या व्हिटली विमानाची एक बाजू फाटली, आत आग भडकली. तशाही अवस्थेत त्याने विमान इंग्लंडला परत आणलं. पुढे हॅलिफॅक्स विमानं आली. ७६ स्क्वाड्रनचा प्रमुख असताना चेशायर यांनी या विमानांचे पुढचे मशीनगन-बुरूज काढून टाकायला लावले, कारण वजन कमी झालं की वेग वाढतो आणि जर्मन लढाऊ विमानांच्या तावडीतून निसटता येतं. हे शहाणपण कागदावरून येत नाही. रोज रात्री आपली माणसं परत येतात की नाही, हे धावपट्टीवर उभं राहून मोजणाऱ्यालाच ते सुचतं.

आणि मोजदाद भयंकर होती. युद्धसेवेच्या एका पाळीत साधारण ३० मोहिमा असत. हवाई दलाच्या बॉम्बर कमांडच्या सुमारे सव्वा लाख विमानसैनिकांपैकी ५५,५७३ जण मारले गेले. चेशायर यांनी अशा पाळ्यांमागून पाळ्या केल्या. पंचविसाव्या वर्षी ग्रुप कॅप्टनची बढती मिळाली, पण ते पद खुर्चीत बसवणारं. १९४३मध्ये त्यांनी स्वतःहून एक पायरी खाली येऊन ६१७ स्क्वाड्रनची सूत्रं घेतली.

खरी कसोटी इथे लागली. रात्रीच्या बॉम्बफेकीत नेम ही मोठी अडचण होती. १९४१च्या एका सरकारी पाहणीत आढळलं होतं, की लक्ष्यावर हल्ला केल्याचं सांगणाऱ्या विमानांपैकी जेमतेम एक तृतीयांश विमानं लक्ष्याच्या आठ किलोमीटरच्या परिघात पोचली होती. म्हणजे बॉम्ब कुठे पडत होते, याचा विचारच करवत नाही. चेशायर यांचं म्हणणं सरळ होतं : एकाने खाली जाऊन लक्ष्यावर जळत्या खुणा टाकायच्या, बाकीच्यांनी वरून त्या खुणांवर नेम धरायचा. खाली जाणारा अर्थात ते स्वतः.

८ फेब्रुवारी १९४४ची रात्र. फ्रान्समधल्या लिमोज शहरात एका कारखान्यात जर्मनांसाठी विमानांची इंजिनं बनत होती आणि रात्रपाळीला काम करणाऱ्या बहुतेक फ्रेंच बायका होत्या. चेशायर यांनी आपलं अवजड लँकेस्टर विमान छपरांना घासेल इतकं खाली आणलं आणि कारखान्यावरून एकदा, दोनदा, तीनदा नेलं. बायकांना इशारा पोचला, त्या बाहेर पळाल्या. मग चौथ्या खेपेला त्यांनी खुणा टाकल्या आणि मागून आलेल्या विमानांनी कारखाना जमीनदोस्त केला. अचानक हल्ल्याचा फायदा सोडून, तोफांच्या टप्प्यात तीन घिरट्या घालणारा हा माणूस मला त्याच्या सगळ्या पदकांपेक्षा मोठा वाटतो.

त्या एप्रिलमध्ये म्युनिकवर ते मॉस्किटो घेऊन सातशे फुटांपर्यंत उतरले. जूनमध्ये मस्टँग हे लढाऊ विमान मिळालं. ते त्यांनी पूर्वी कधीच चालवलं नव्हतं. पहिलं उड्डाण केलं तेच थेट मोहिमेवर. सप्टेंबरात व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. हा सन्मान बहुधा एखाद्या प्रसंगातल्या शौर्यासाठी दिला जातो, त्यांना मात्र चार वर्षांच्या एकूण कामगिरीसाठी मिळाला.

नागासाकीला ते ब्रिटनचे निरीक्षक म्हणून गेले. त्यांचं विमान ठरल्या जागी पोचलं नाही, त्यामुळे स्फोटाचा ढग त्यांना दुरूनच दिसला.

सेवाकार्याची सुरुवात झाली ती १९४८मध्ये, एका साध्या अडचणीतून. हॅम्पशायरमधल्या त्यांच्या ‘ल कोर्ट’ या घरी कॅन्सरने मरणपंथाला लागलेला एक परिचित आला, कारण त्याला ठेवून घ्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं. त्याची शुश्रूषा चेशायर यांनी स्वतः केली. मग दुसरा आला, तिसरा आला, आणि ‘चेशायर होम्स’ चालवणारी संस्था उभी राहिली.

परदेशातलं पहिलं चेशायर होम १९५०च्या दशकाच्या मध्यावर आपल्या मुंबईत, अंधेरीला निघालं. ५ एप्रिल १९५९ रोजी मुंबईतच, कॅथलिक कॅथीड्रलमध्ये, त्यांनी स्यू रायडर यांच्याशी लग्न केलं. युरोपात युद्धाने उद्ध्वस्त झालेल्यांसाठी स्यू यांचं स्वतंत्र काम होतं. दोघांनी मिळून त्याच वर्षी डेहराडूनला ‘राफाएल’ सुरू केलं. तिथे कुष्ठरुग्णांना आणि मतिमंद मुलांना आसरा मिळाला. १९९२मध्ये चेशायर गेले तेव्हा त्यांची होम्स सुमारे पन्नास देशांत पोचली होती.