प्रक्रिया उद्योग सुरू करताना पहिल्या वर्षीच्या चुका टाळा

द्राक्षाचे दर उतरले की तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ भागात बेदाणा करण्याचा विचार पुढे येतो. वाई-कोरेगावकडे हळद पूड करून विकण्याचा, तर महाबळेश्वर-पाचगणीकडे स्ट्रॉबेरीचा जॅम करण्याचा. विचार योग्यच आहे. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 साली, सांगलीच्या बेदाण्याला 2016 साली आणि हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले. तथापि मालाला नाव आहे म्हणून आपला उद्योग चालेलच असे नाही. माल बनविण्यात आपले शेतकरी सहसा कमी पडत नाहीत, हिशेबात पडतात.

बेदाण्याचेच उदाहरण घेऊ. साधारणपणे 4 किलो द्राक्षांपासून 1 किलो बेदाणा मिळतो. समजा, द्राक्षाला जागेवर किलोस 25 रुपये दर मिळत आहे. म्हणजे एक किलो बेदाण्यात 100 रुपयांची द्राक्षेच गेली. त्यावर डिपिंगचे द्रावण, मजुरी, निवडणी, बॉक्स, शीतगृहाचे भाडे, अडत आणि कर्जाचे व्याज. पुष्कळजण घरची द्राक्षे फुकट धरतात आणि विक्रीचा सगळा पैसा नफा समजतात. घरचा माल बाजारभावानेच खर्चात धरावा. घरच्या माणसांची मजुरीही धरावी.

दुसरी चूक याहून महागात पडते. जवळचे पैसे आणि कर्ज मिळून सगळी रक्कम शेड, रॅक, जाळ्या व यंत्रात घातली जाते आणि खेळते भांडवल उरत नाही. बेदाणा मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये तयार होतो. त्याच सुमारास पीककर्ज भरण्याची मुदत येते आणि एप्रिलमध्ये बागेची खरड छाटणी, खते, मजुरी यांचा खर्च सुरू होतो. हातात पैसा नसला की शीतगृहात ठेवून दर पाहणे शक्य होत नाही. आवक भरपूर असतानाच माल सौद्यात न्यावा लागतो. शेड चांगले, बेदाणा चांगला, तरी वर्ष तोट्याचे! म्हणून किमान सहा महिन्यांचा घरखर्च व बागेचा खर्च बाजूला काढल्याशिवाय शेड उभारू नये. पहिल्या हंगामात भाड्याच्या शेडवर थोडा माल करून पाहिल्यास उत्तम. वाळवण्याच्या दिवसांत अवकाळी पाऊस आला तर बेदाणा काळवंडतो, हा धोका थोड्या मालावरच अनुभवलेला बरा.

अनुदान डोळ्यांसमोर ठेवून यंत्राची क्षमता ठरवू नये. 2020 साली सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये अनुदान ठेवले होते, पण ते बँक कर्जाशी जोडलेले होते. उरलेल्या कर्जाचा हप्ता यंत्र बंद असले तरी भरावाच लागतो. स्ट्रॉबेरी पावसाळ्यात नसते. त्या महिन्यांत जॅमचे यंत्र कशावर चालणार, हे आधीच ठरवावे.

गिऱ्हाईक मिळायला वेळ लागतो, हेही धरून चालावे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर सुरुवातीला शेतकरी घेईनात, कारण लोखंडाने जमीन विषारी होते असा समज होता. पुढे 1910 साली किर्लोस्करवाडी वसली ती आपल्याच सांगली जिल्ह्यात. तेव्हा हळद पुडीची पाच-पन्नास पाकिटे आधी विकून पाहावीत आणि मगच पल्व्हरायझर घ्यावा. अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी मात्र विक्रीपूर्वीच करावी. पाकिटावर नोंदणी क्रमांक, निव्वळ वजन व उत्पादनाची तारीख असावी.

साठवणुकीची जागा बघताना पुराची रेषा पाहावी. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेली होती. 2005 च्या महापुरात त्यांत पाणी शिरून मोठे नुकसान झाले. 2019 मध्येही कृष्णेने शहर वेढले. गोदामाबरोबर आतील मालाचाही विमा उतरवावा. भावाभावांतील भागीदारी असेल तर ती कागदावर आणावी, मागाहून वाईट वाटण्यापेक्षा आधी वाटलेले बरे.

हळदीबाबत कसबे डिग्रज येथील विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात जाऊन माहिती घ्यावी. बेदाण्यासाठी मार्च महिन्यात, काम चालू असताना, एखाद्या शेडवर दोन दिवस थांबावे. मालकाला किती बेदाणा झाला हे तर विचारावेच, शिवाय गेल्या वर्षीचा माल कोणत्या महिन्यात विकला आणि पैसे किती दिवसांनी हातात आले, हेही विचारून वहीत लिहून घ्यावे.