पाच नंबरच्या खोलीतले अंतराळयान

रविवारी सकाळी फणसवाडीतल्या आमच्या चाळीत गर्दीच्या जागा दोनच असत. एक नळ आणि दुसरी पाच नंबरच्या काकांची खोली. पाणी गेले की नळावरची गर्दी ओसरे. काकांकडची मात्र ‘स्टार ट्रेक’चा भाग संपून तास झाला तरी हलत नसे, कारण खरा कार्यक्रम त्यानंतरच सुरू होई.

ही गोष्ट १९८०च्या दशकाच्या मध्याची. मुंबईत दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी आले, १९८२ साली ते रंगीत झाले, पण रंग आमच्या मजल्यापर्यंत चढून यायचे होते. काकांचा संच कृष्णधवल. सरकत्या दारांच्या लाकडी पेटीत बसवलेला आणि डोळ्यांना त्रास नको म्हणून पुढे निळे प्लॅस्टिक लावलेला. त्यामुळे आमचे अंतराळ निळे आणि ‘साप्ताहिकी’ही निळीच. चटईवर मुले, कॉटवर बायका, दारात नि गॅलरीत पुरुषमंडळी. चित्र हलू लागले की एकाने गच्चीवर धावायचे आणि तिथून “आलं का?” असे ओरडत अँटेना फिरवायचा. त्या बिचाऱ्याला कोणता ग्रह कधी आला नि गेला, काही कळत नसे.

अडचण एकच होती. मालिका इंग्रजीत, त्यातही अमेरिकन इंग्रजीत, आणि आम्ही सगळे मराठी शाळांतले. पण काका फोर्टातल्या एका कचेरीत हेडक्लार्क होते. साहेबाची पत्रे लिहून त्यांचे इंग्रजी पक्के झालेले. ते संचाशेजारी स्टूल टाकून बसत आणि कीर्तनकाराच्या थाटात अर्थ सांगत. कॅप्टन कर्क हा ‘कप्तान’, मॅकॉय हा ‘डॉक्टर’, टोकदार कानांचा स्पॉक हा नुसता ‘कानवाला’ आणि इंजिनाची काळजी वाहणारा स्कॉटी हा ‘मिस्त्री’. मिस्त्री घामाघूम होऊन काही बोलला की काका म्हणत, “तो म्हणतोय, साहेब, आणखी जोर लावलात तर पंप जळेल.” आमच्या चाळीचा पंप दर उन्हाळ्यात जळत असल्यामुळे अंतराळयानाचे तंत्रज्ञान आम्हांला चटकन समजले.

भाग संपला की चर्चा. कप्तान स्वतः कशाला प्रत्येक ग्रहावर उतरतो, मॅनेजर कधी वसुलीला जातो का, हा पुरुषांचा कायमचा आक्षेप. कानवाल्याला राग येत नाही म्हणजे तो सुखी की दुःखी, यावर बायकांत दोन तट. आम्हां मुलांना छंद निराळा. कप्तानाबरोबर एखादा अनोळखी चेहरा ग्रहावर निघाला की “हा गेला!” म्हणून पैज लावायची. अमेरिकेतले प्रेक्षक अशांना लाल सदऱ्यावरून ओळखतात, हे मला फार नंतर कळले. आमच्या निळ्या पडद्यावर सगळ्यांचे सदरे सारखेच होते, तरी पैज सहसा चुकत नसे. माणसे झगमगत अदृश्य होऊन ग्रहावर प्रकट होतात ती युक्ती तर आम्ही जिन्यात रोज करून पाहत असू. दर आठवड्याला यान जमिनीवर उतरवण्याचे दृश्य निर्मात्यांना परवडणारे नव्हते म्हणून ती निघाली, हे तेव्हा कोणी सांगितले असते तर काकांना ते फार आवडले असते. काटकसर हा त्यांचा विषय होता.

आम्ही जे नवे म्हणून पाहत होतो ते खरे तर शिळे होते. ‘स्टार ट्रेक’चा पहिला भाग अमेरिकेत ८ सप्टेंबर १९६६ला दाखवला गेला. (मुंबईत मराठी विज्ञान परिषदेची स्थापना झाली तीही त्याच वर्षी, आणि पुढे १९७४ साली परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवून जयंत नारळीकरांनी आपली आद्याक्षरे उलटी लपवली होती.) मालिकेला प्रेक्षक पुरेसे नाहीत म्हणून दुसऱ्या वर्षीच ती बंद करण्याच्या गोष्टी सुरू झाल्या. तेव्हा चाहत्यांनी पत्रांचा असा मारा केला, की वाहिनीला मार्च १९६८मध्ये पडद्यावरूनच मालिका चालू राहील असे जाहीर करावे लागले. एक वर्ष मिळाले. १९६९ साली ७९ भागांवर मालिका थांबली, पण पत्रे थांबली नाहीत. १९७६ साली अमेरिकेच्या पहिल्या स्पेस शटलला ‘एंटरप्राइज’ हे मालिकेतल्या यानाचे नाव मिळाले, तेही चाहत्यांच्या पत्रांमुळे. गंमत अशी, की ते शटल अवकाशात कधी गेलेच नाही. ते केवळ चाचण्यांसाठी होते.

या यानावर मुंबईची एक मुलगीही चढली होती. १९६५ची मिस इंडिया पर्सिस खंबाटा. १९७९च्या चित्रपटात तिने आयलिया ही भूमिका केली आणि त्यासाठी डोक्याचा चक्क गोटा केला. काकांनी कुठल्याशा मासिकातला तिचा फोटो आणून दाखवला, तेव्हा तीन नंबरच्या आजी चष्मा सावरत म्हणाल्या, “अगोबाई, बालाजीला केस दिले वाटतं हिने!” फणसवाडीत व्यंकटेशाचे देऊळ हाकेच्या अंतरावर; आजींना दुसरे काय सुचणार? पर्सिस १९९८ साली मुंबईतच वारली.

चाहते ही मोठी चिवट आणि तेवढीच कुरकुरी जमात. १९८७ साली नवी मंडळी आणि टक्कल असलेला नवा कप्तान घेऊन मालिका पुन्हा आली, तेव्हा जुन्यांनी नाके मुरडली. ‘हे आमचे स्टार ट्रेक नव्हे!’ त्या मालिकेचे १७८ भाग झाले आणि आता तिचे चाहते पुढच्या मालिकांना तेच ऐकवतात. गिरगावकरांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. साहित्य संघात संगीत नाटकाचा पडदा वर जाण्याआधीच “बालगंधर्वांची सर नाही हो” म्हणणारे आपल्याकडेही होते, आणि त्यांतल्या निम्म्यांनी बालगंधर्वांना पाहिलेलेच नव्हते.

आता मूळ गोष्टीकडे येतो. काकांच्या सांगण्यातला एक भाग माझ्या मनात पक्का बसला होता. कानवाल्याचे वडील यानावर येतात. मुलाने आपला मार्ग सोडून कप्तानाची नोकरी धरली म्हणून बापलेकांत अठरा वर्षे बोलणे नाही. वडील आजारी पडतात, रक्त हवे असते आणि ते मुलाचेच लागणार असते. काका त्या दिवशी नेहमीसारखे रंगून सांगत नव्हते. “म्हातारा कामाचं निमित्त सांगतोय,” ते हळूच म्हणाले, “पण खरं तर मुलाला बघायला आलाय.” कॉटवरून कोणीतरी डोळे पुसले.

पुढे मी हा भाग खाली अक्षरे येतात तशा प्रतीत पाहिला. तो १९६७चा. बापलेकांचा अबोला होता, रक्तही होते, पण वडील निघाले होते एका परिषदेला. मुलाला बघायला आलोय, असे त्यांच्या तोंडी एक अक्षर नव्हते. मग मी आठवतील तेवढे भाग शोधून पाहिले. काकांच्या गोष्टींपैकी निम्म्याअधिक गोष्टी तिथे नव्हत्याच. पत्रांतले इंग्रजी त्यांना येत होते, पण अमेरिकन माणसाचे बोलणे त्यांना आमच्याइतकेच कळत असावे. मला आधी हसू आले, मग थोडा रागही आला. रविवारचे इतके तास आपल्याला फसवले गेले असे वाटले.

गेल्या वर्षी चाळ पुनर्विकासाला गेली. पाच नंबरची खोली रिकामी करायला काकांचा नातू अमेरिकेहून आला. पंचेचाळिशीचा, तिकडेच जन्मलेला, मराठी अडखळत पण हट्टाने बोलणारा. कोपऱ्यात सरकत्या दारांची ती पेटी अजून होती. मी हसत हसत त्याला सगळे सांगितले. तो हसला नाही.

“दादा, आजी सांगायची,” तो म्हणाला, “आजोबा ते मुलांसाठी लावायचे नाहीत. माझ्यासाठी लावायचे. मी फोनवर काय बोलतो ते कळत नाही, कान बसला पाहिजे, म्हणायचे.”

मला कोपऱ्यावरचे दुकान आठवले. परदेशचा फोन तिथे येई आणि निरोप आला की काका बनियनवर सदरा चढवत धावत सुटत. एकदा मीही मागोमाग गेलो होतो. काका रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून “यस, यस, व्हेरी गुड” एवढेच म्हणत होते. तीन मिनिटे झाली. परतताना मी विचारले, काय म्हणाला हो नातू? काकांनी मला जिना चढेपर्यंत भली लांबलचक हकिगत ऐकवली होती.

“त्या वडिलांच्या एपिसोडमध्ये आजोबांनी काय सांगितलं म्हणालात?” नातवाने विचारले.

मी सांगितले.

“आमच्याकडे तो लागला की बाबा उठून स्वयंपाकघरात जायचे,” तो म्हणाला. काकांचा मुलगा शिकायला म्हणून गेला आणि तिकडचाच झाला, एवढे चाळीला माहीत होते. त्यावरून त्या खोलीत काय झाले होते, हे पाच नंबरच्या भिंतीपलीकडे कधी आले नाही. आणि आमच्या चाळीत भिंती काही फार जाड नव्हत्या.

नातवाने घड्याळ पाहिले. तिकडे रात्र झाली होती, पण वडील जागे असतील म्हणाला. त्याने मोबाइल लावला. पडद्यावर पांढऱ्या केसांचा एक गृहस्थ आला. नाक थेट काकांचे.

“बाबा, हे खालच्या मजल्यावरचे दादा. आजोबांच्या गोष्टी यांना पाठ आहेत. ऐका.”

त्याने फोन माझ्या हातात दिला. मी पेटीशेजारचे स्टूल ओढून बसलो, घसा साफ केला आणि म्हणालो, “यान निघालंय. वर पाहुणे आहेत, आणि त्यांत एक म्हातारा आहे...”