सागाची वाढ आणि ठेवीची वाढ

सागाचें झाड मोठें लांकूड देण्यास किती काळ घेतें, हें आलापल्ली-बल्लारपूरच्या रानांलगत राहणाऱ्या शेतकऱ्यास सांगावयास नको. सरकारी लागवडींतील अखेरची तोड साधारणतः ६० वर्षांनीं, किंवा त्याहूनहि उशिरां होते. असें असतां इ. स. १९९० नंतर देशांत अनेक लागवड-कंपन्या निघाल्या, व त्यांनीं ह्याच सागाच्या नांवावर अल्प मुदतींत अनेकपट रक्कम देण्याचें वचन दिलें. चेन्नईची अनुभव प्लँटेशन्स ही त्यांपैकींच एक. ती १९९८ च्या सुमारास बुडाली. भांडवल-बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबी ह्या संस्थेनें १९९९ सालीं अशा सामुदायिक योजनांस नोंदणी सक्तीची केली. तरी फसवणूक थांबली नाहीं. तिचे नेहमींचे प्रकार आमच्या वाचकांस ठाऊक असावेत, असें आम्हांस वाटतें.

पहिला प्रकार नव्याच्या पैशांतून जुन्याचें देणें भागविण्याचा. आरंभींच्या ठेवीदारांस वेळेवर रक्कम मिळते, म्हणून गांवाचा विश्वास बसतो. परंतु ती रक्कम धंद्याच्या नफ्यांतून नव्हे, तर शेजाऱ्याच्या ठेवींतून आलेली असते. नवे ठेवीदार आटले कीं सर्वच बुडतें.

दुसरा प्रकार डोळ्यांआडच्या मालाच्या विक्रीचा. पीएसीएल ह्या कंपनीनें शेतजमीन देण्याच्या नांवावर सुमारें ५ कोटि ८५ लक्ष लोकांकडून ४९,१०० कोटि रुपये गोळा केले. २०१४ सालीं सेबीनें ते परत करण्याचा हुकूम केला, व २०१६ सालीं कंपनीच्या जमिनी विकून पैसे फेडण्याकरितां सर्वोच्च न्यायालयानें न्यायमूर्ति लोढा ह्यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमविली. पुण्याच्या समृद्ध जीवन कंपनीनें गायीशेळ्यांच्या पालनाच्या नांवावर पैसे घेतले. तिला २०१३ सालीं सेबीनें मनाई केली.

तिसरा प्रकार कागदी देखाव्याचा. कंपनी नोंदविल्याचा दाखला सरकारी हमी म्हणून पुढें केला जातो. वास्तविक तो केवळ कंपनी अस्तित्वांत आल्याचा दाखला होय; ठेवी घेण्याचा परवाना नव्हे.

धान विकून पैसा हातीं आला, कीं एजंट दारीं येतो. तो बहुधा आपलाच सोयरा असतो, व पुष्कळदां स्वतःहि फसलेला असतो. त्यामुळें नाहीं म्हणणें जड जातें. अशा वेळीं वाद न घालतां तीन गोष्टी मागाव्या: जमिनीचा गट नंबर व सातबारा, खरेदीखत नोंदून देण्याची तारीख, आणि सेबीचा अथवा रिझर्व्ह बँकेचा परवाना. हिशेबहि करावा. पांच वर्षांत दामदुप्पट म्हणजे दरसाल सुमारें १५ टक्के चक्रवाढ. एजंटाचें कमिशन व कचेरीचा खर्च निराळा. एवढें उत्पन्न कोणतें शेत वा कोणतें रान नेमानें देतें?

फसल्यास लाजून गप्प बसूं नये. पावत्या जपून ठेवून पोलिसांत फिर्याद द्यावी. ठेवीदारांच्या हितरक्षणाच्या १९९९ च्या महाराष्ट्र कायद्यान्वयें कंपनीची मालमत्ता जप्त करतां येते. उशीर झाल्यास ती हलविली जाण्याचें भय असतें. जमीन घेतांना आपण जी पारख करतों, तीच ठेव ठेवतांना करावी, इतकेंच आमचें सांगणें आहे.