संत्र्याचा वास गेला कुठे?

साच्यातून साबणाच्या वड्या काढताना घरभर संत्र्याचा घमघमाट. पाच आठवडे मुरल्यावर तीच वडी नाकाला लावली, तर खोबरेलाखेरीज काही येईना. माझ्या पहिल्या घाण्याचं हे असं झालं. दुसऱ्या घाण्यात सुगंधी तेल दुप्पट घातलं. तेही उडालं, पैसेही.

‘तेल कमी पडलं’ हा सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज. संत्र्याच्या सालीच्या तेलात 90 टक्क्यांहून अधिक लिमोनीन असतं, आणि ते जात्याच उडून जाणारं. महिनाभर फळीवर उघड्या राहिलेल्या वडीत ते कितीसं थांबणार? एक किलो मूळ तेलांना साधारण 30 ग्रॅम सुगंधी तेल हे नेहमीचं प्रमाण. लवंग-दालचिनीचं त्याहून खूपच कमी, नाहीतर त्वचेची आग होते. लिंबासारखा वास हवा असेल तर गवती चहाचं तेल जास्त टिकतं. वाळा किंवा पचौली जोडीला घातली, तर त्यांचे जड रेणू सावकाश उडतात आणि निदान वडी बिनवासाची राहत नाही.

‘शुद्ध तेलाचा वास बदलत नाही, बदलला म्हणजे भेसळ’ असं म्हणून दुकानदाराशी भांडायला जाण्याआधी लव्हेंडरचं उदाहरण पाहा. त्याच्या गोडसर वासात लिनॅलिल ॲसिटेट या एस्टरचा मोठा वाटा. साबण होणं म्हणजे तरी काय, कॉस्टिक सोड्याने तेलांतले एस्टर फोडणं. लव्हेंडरचा एस्टर सुगंधाचा आहे म्हणून सोडा त्याची गय करत नाही. त्यातला बराचसा फुटून लिनॅलूल होतो आणि वास बदलतो. बदलतं ते अस्सल तेलच! शंका घ्यायची तर स्वस्तातल्या ‘नैसर्गिक’ मोगरा तेलावर घ्या. मोगऱ्याचा अर्क सहसा द्रावक वापरून काढतात आणि तो चांगलाच महाग असतो.

बाटलीवरच्या फ्लॅश पॉइंटचाही असाच बाऊ होतो. मिश्रण त्याहून गरम असलं की सुगंध जळतो, असं सर्रास सांगतात. प्रत्यक्षात जवळ ज्योत असताना तेलाची वाफ ज्या तापमानाला पेट घेते, तो हा आकडा, म्हणजे साठवणीच्या आणि वाहतुकीच्या कामाचा. तेल त्याच्या खालीही उडतच असतं, गरम मिश्रणात जरा वेगाने, इतकंच.

लवंग तेल घालताच मिश्रण पातेल्यातच घट्ट झालं, तर कॉस्टिकच्या मापाला दोष देऊ नका. लवंगेतलं युजेनॉल सोड्याशी लगेच संयोग पावतं आणि मिश्रण झपाट्याने आळतं. थोडं मूळ तेल बाजूला काढून त्यात लवंग तेल मिसळा, ब्लेंडर बंद करून चमच्याने ढवळा आणि साचा हाताशी ठेवा.

कधी कधी ‘सुगंधी तेल नासलं’ म्हणतो, तेव्हा नासलेलं असतं भलतंच. सूर्यफूल किंवा सोयाबीन तेल जास्त असेल तर काही महिन्यांनी वडीवर नारिंगी ठिपके येतात आणि खवट वास सुटतो. त्यावर कुठल्याही अत्तराची मात्रा चालत नाही.

राहिलं आपलं नाक. दिवसभर त्याच वासात वावरलं की ते बोथट होतं. बिनवासाची ठरवून मी मोरीत टाकलेली लव्हेंडरची वडी हाताला लावून शेजारच्या काकू बाहेर आल्या आणि म्हणाल्या, ‘‘कुठून आणलास गं हा साबण? वास छान आहे.’’