मनाशीं बोलावें कसें?

५० मीटरांवरील लक्ष्यांत दहा गुणांचें वर्तुळ अवघें ८ सेंटिमीटर व्यासाचें असतें. कंपाउंड धनुष्याच्या सामन्यांत खेळाडूनें १५ बाण सोडावयाचे. सर्व बाण त्या वर्तुळांत पडले तर १५० गुण. निर्दोषपणा जेथें असा आंकड्यांत मोजतां येतो, तेथें कोवळ्या मनाला पूर्णत्वाचा हव्यास जडणें स्वाभाविक आहे. मग नऊ गुणांचा एखादा बाणही त्यास अपराध वाटूं लागतो.

या दृष्टीनें बुलढाण्याचा तिरंदाज प्रथमेश जावकर याची इ. स. २०२३ मधील कामगिरी पाहण्यासारखी आहे. मे महिन्यांत शांघायच्या विश्वचषक स्पर्धेंत, वयाच्या १९ व्या वर्षीं, त्यानें नेदरलंडच्या माइक श्लोएसर या अग्रगण्य खेळाडूस अंतिम सामन्यांत १४९ विरुद्ध १४८ असें हरविलें. सप्टेंबरांत मेक्सिकोंतील हर्मोसिलो येथें उपांत्य सामन्यांत त्याच श्लोएसरविरुद्ध त्यानें पुरे १५० गुण मिळविले. परंतु त्यानंतरच्या अंतिम सामन्यांत १४८ गुणांवर बरोबरी झाली व निर्णायक बाणावर सुवर्णपदक हुकलें. तो बाणही दहाच्याच वर्तुळांत होता. प्रतिस्पर्ध्याचा मध्याच्या अधिक जवळ, इतकेंच. पुढच्याच महिन्यांत हांगचौच्या आशियाई क्रीडास्पर्धेंत त्याच्या संघानें सुवर्णपदक जिंकलें. तात्पर्य, एक गुण गमावूनही विजय मिळतो आणि दहा गुण घेऊनही पराभव होतो.

हें मुलाला नुसतें सांगून भागत नाहीं. बाण चुकतांच त्याचें मन बोलूं लागतें: “सगळें बिघडलें! आतां चुकूं नको!” या बोलण्यानें चूकच डोळ्यांपुढें उभी राहते, खांदे ताठरतात आणि पुढील बाणासाठीं मिळणारे २० सेकंद मागच्या बाणाच्या शोकांत जातात.

यावर पोकळ स्तुति हा उपाय नव्हे. “मीच सर्वश्रेष्ठ” या वाक्यावर मुलाचा स्वतःचाच विश्वास बसत नाहीं. ग्रीक संशोधकांनीं २०११ सालीं ३२ अभ्यासांचा एकत्र विचार केला, तेव्हां स्वतःशीं योजनापूर्वक बोलण्यानें खेळ सुधारतो, आणि नाजूक कौशल्याच्या कामीं कृति सुचविणारे शब्द अधिक उपयोगी पडतात, असें आढळलें. “श्वास सोड”, “खांदा खालीं”, “नजर मध्यावर” असे दोन-तीन शब्द पुरेत. मात्र ते रोजच्या सरावांत रुजवावे लागतात. सामन्याच्या दिवशीं आयते सुचत नाहींत.

महाराष्ट्राला ही रीत परकी नाहीं. समर्थ रामदासांनीं मनालाच संबोधून दोनशेंहून अधिक श्लोक रचिले, आणि त्यांत मनाला सज्जन म्हणूनच हांक मारिली.

परंतु मनाची ही भाषा मूल प्रथम घरांत शिकतें. १४९ गुण मिळवून आलेल्या मुलाला “एक गुण कोठें गेला?” असें विचारणाऱ्या घरांत तोच प्रश्न पुढें त्याच्या मनांत घर करितो. त्याऐवजीं “चुकल्यावर पुढचा बाण कसा सोडलास?” असें विचारावें. उत्तर देतां देतां मूल स्वतःशीं नीट बोलावयास शिकेल.